यंत्रांचे बारसे

आमच्या गावाचे नाव दोन शब्दांचे आहे: सडक अर्जुनी. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला ते सांगितले की तो हमखास विचारतो, ‘‘सडक म्हणजे आपली रस्त्याची सडक?’’ होय, तीच. गोंदिया जिल्ह्यात तालुके आठ आणि त्यांत अर्जुन्या दोन. एक आमची, मुंबईकडून कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावरची. दुसरी गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरची, तिला अर्जुनी मोरगाव म्हणतात. आगगाडी त्यांच्या वाट्याला आली, सडक आमच्या. वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत ही नावे ‘सडक/अर्जुनी’ आणि ‘अर्जुनी/मोर’ अशी तिरपी रेघ ओढून छापलेली दिसतात. नवख्याला वाटावे की ही दोन पर्यायांपैकी एक निवडण्याची भानगड आहे. तसे काही नाही. नुसते ‘अर्जुनी’ म्हटल्याने पाहुणा भलत्याच गावी उतरतो, एवढाच त्या रेघेचा अर्थ.

आता या सडकेचे पाहा. पिढ्यान्‌पिढ्या तिला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. २०१० साली देशातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि आमच्या भागात सहाचे त्रेपन्न झाले. मैलाचे दगड बदलले, फलक बदलले. गाव मात्र ‘सडक’च राहिले. कोणा हौशी माणसाने गावाचे नाव ‘सहा नंबर अर्जुनी’ असे ठेवले असते, तर त्या साली आमची केवढी पंचाईत झाली असती!

दिवाळीच्या फराळाशी या सडकपुराणाचा काय संबंध, असे आपण विचारण्याआधीच सांगतो. या खेपेचा विषय आहे घरातल्या राउटरवर यंत्रांची नावे कशी नोंदवावीत हा. दचकू नका. मराठीचा प्राध्यापक राउटरमध्ये हात घालतो म्हणजे चकलीच्या सोऱ्यात शेवेची ताटली बसवल्यासारखे वाटेल. पण विषय नावांचा आहे आणि नावे हे आमच्या खात्याचे काम आहे.

आपल्या घरात आज किती यंत्रे वायफायला चिकटली आहेत, ते एकदा मोजा. चार माणसांचे चार मोबाइल, मुलाचा लॅपटॉप, दिवाणखान्यातला टीव्ही, एखादा प्रिंटर, जिन्यावरचा कॅमेरा. तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात दहा यंत्रे सहज निघतात. राउटरच्या पानावर जाऊन त्यांची यादी पाहिली तर तेथे मात्र ओळखीचे कोणी दिसत नाही. ‘अँड्रॉइड’ आणि पुढे आकड्यांची माळ. ‘डेस्कटॉप’, एक आडवी रेघ आणि पुढे सात अक्षरांची लाखोली. दोन-तीन ठिकाणी तर नुसतेच ‘अननोन’. ही कारखान्यात पडलेली नावे. अशा यादीत शेजारच्या बंटीचा मोबाइल गेले सहा महिने आपल्या वायफायवर चित्रपट पाहत असला, तरी तो कळावा कसा? आपली माणसे नावानिशी उभी असली, तरच त्यांच्यातला परका उठून दिसतो.

नावापुढे प्रत्येक यंत्राचा एक पत्ता लिहिलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.२० अशा थाटाचा. हा पत्ता कायमचा असतो असा पुष्कळांचा समज आहे. तो तसा नाही. राउटर हा धर्मशाळेच्या व्यवस्थापकासारखा वागतो. यंत्र दारात आले की रिकाम्या खोलीची किल्ली काढून देतो आणि ठरावीक मुदत घालतो. ती कित्येक राउटरांत चोवीस तासांची असते. मुदत संपत आली की यंत्राने पुन्हा येऊन विचारावयाचे. जुनी खोली मोकळी असली तर तीच मिळते. परंतु स्वस्तातल्या पेटीची वही वीज गेल्याबरोबर कोरी होते, आणि वीज आल्यावर जो आधी पोहोचेल त्याला पहिली खोली. आमच्याकडे वीज जाण्यायेण्याला ऋतूचे बंधन नाही, हे येथे सांगून ठेवतो.

हे एवढे सांगण्याचे कारण आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात घडले. मी ते जवळून पाहिले. नावांविषयीच्या लेखात एक नाव मी मुद्दाम गाळतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

त्या महाविद्यालयात एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे दोन प्रिंटर होते. एक परीक्षा विभागाच्या कुलूपबंद खोलीत आणि दुसरा वाचनालयात. परीक्षा विभागातल्या संगणकाला आपला प्रिंटर ‘वीस नंबरच्या खोलीत’ असल्याचे कोणीतरी कधी काळी सांगून ठेवले होते आणि तो इमानाने तेथेच कागद धाडीत असे. अंतर्गत परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी वीज गेली, दहा मिनिटांनी आली. त्या गडबडीत वाचनालयातला प्रिंटर आधी जागा झाला आणि वीस नंबरची खोली त्याने पटकावली. परीक्षा विभागात मराठीची प्रश्नपत्रिका छापावयाची होती. बटण दाबले. काही निघेना. पुन्हा दाबले. इकडे वाचनालयात, जेथे बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्याच पेपरचा अभ्यास करीत एकटीच बसली होती, तेथे तिच्या उशाशी यंत्र घरघरू लागले आणि कागद पडू लागले.

तिने पहिला कागद पाहिला, तो उपडा केला, सगळे कागद उपडे करून गोळा केले आणि ग्रंथपालांच्या टेबलावर नेऊन ठेवले. आता यात तिचे कौतुक व्हावयास हवे होते. ते झाले नाही. तिला बोलावण्यात आले.

‘‘वाचलंस का?’’

‘‘पहिली ओळ दिसली, सर.’’

या सरळ उत्तराने घोटाळा झाला. ‘काही पाहिले नाही’ म्हणाली असती तर सुटली असती, असे नंतर दोघातिघांनी मला सांगितले. त्यांना काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही. तिच्याकडून दोन पाने लेखी निवेदन घेतले. पेपर रद्द झाला, नवा काढावा लागला, परीक्षा पुढे गेली. घरी जाण्याच्या तयारीत असलेली मुले चिडली आणि ती चीड कोणावर निघाली हे सांगावयास नको. पहिलीच ओळ कशी दिसली, नेमकी तीच तेथे कशी बसली होती, प्रिंटर आपोआप कसा चालला, अशी कुजबुज आठ दिवस चालली. नवव्या दिवशी संगणक प्रयोगशाळेचे साहाय्यक राउटरची वही उघडून बसले, तेव्हा खोल्यांची अदलाबदल उघडकीस आली. यंत्राला कोणी नाव ठेवले नव्हते म्हणून त्या पोरीला आठ दिवस नावे ठेवली गेली.

त्यानंतर नावे देण्याचे घाटू लागले. येथे पहिला गोंधळ असा की नाव दोन जागी असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याकडे बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. ते बाळाला कळले. पण ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत चढल्याखेरीज त्या नावाचा दाखला मिळत नाही आणि शाळेत त्या नावाने कोणी घेत नाही. यंत्राचे नेमके असेच आहे. संगणकाच्या किंवा प्रिंटरच्या मांडणीत जाऊन त्याचे होस्टनेम बदलले, म्हणजे आत्याचे काम झाले. कित्येक यंत्रे खोली मागताना आपले नाव राउटरला सांगतात आणि चांगला राउटर ते टिपूनही घेतो. पण काही यंत्रे मुखदुर्बळ असतात, सांगतच नाहीत, आणि काही राउटर ऐकूनही लिहीत नाहीत. तेव्हा नोंदवहीत आपल्या हाताने लिहावे हे उत्तम.

ते कसे, तेवढे सांगतो. राउटरला जोडलेल्या संगणकावर ब्राउझर उघडून राउटरचा स्वतःचा पत्ता टाकावा. तो पेटीच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि टाकताना इंग्रजी आकडे टाकावयाचे. परवलीचा शब्द मागेल. तो अजून ‘ॲडमिन’च असेल तर नावांचे काम नंतर करा, आधी तो बदला. आत गेल्यावर ‘लॅन’ किंवा ‘डीएचसीपी’ या सदराखाली पत्ता राखून ठेवण्याची सोय सापडते. कोणी तिला ‘रिझर्व्हेशन’ म्हणतो, कोणी ‘स्टॅटिक लीज’. तेथे तीन गोष्टी भरावयाच्या: यंत्राचा मॅक पत्ता, त्याला द्यावयाची खोली आणि त्याचे नाव. मॅक पत्ता म्हणजे यंत्राच्या अंगावरची जन्मखूण. बारा अंक-अक्षरांची असते आणि तिच्या पूर्वार्धावरून कारखाना ओळखता येतो. ही खूण दिसली की अमुक खोली द्यावयाची आणि अमुक नावाने हाक मारावयाची, असे राउटरला बजावून ठेवले म्हणजे वीज कितीदाही जावो. जतन करावे, यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, आणि संगणकावरून ‘पिंग’ ही आज्ञा देऊन त्या नावापुढे कडी वाजवून पाहावी. आतून ओ आली की काम झाले.

ओ न येण्याची दोन कारणे मला वारंवार दिसली. पहिले मोबाइलचे. हल्लीचे मोबाइल पाळत चुकवण्यासाठी आपली जन्मखूणच बदलून हिंडतात. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनमध्ये २०२० पासून आपोआप चालू असते. बाजारात, स्थानकावर हे फार चांगले. घरात मात्र मुलाने रोज नवा मुखवटा घालून आईला ‘ओळख पाहू’ म्हणावे तसे होते. घरच्या वायफायपुरती ती सोय बंद करता येते. दुसरे कारण, कोणीतरी मोबाइलला किंवा संगणकाला पत्ते विचारण्यासाठी बाहेरचा मोठा सेवक नेमून दिलेला असतो, चार आठांचा तो प्रसिद्ध पत्ता. तो सगळ्या जगाचे पत्ते सांगतो. पण आमच्या माजघरातला प्रिंटर कोठे, हे त्याला विचारणे म्हणजे दिल्लीच्या पोस्टात जाऊन आमच्या आळीतल्या शिंप्याचे घर विचारण्यासारखे आहे.

काही घरांत मात्र वहीत काही न लिहिताही यंत्रे एकमेकांना सापडतात. तेथे दुसरी रीत चालू असते. ‘अमुक कोण आहे?’ असे यंत्र सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारते आणि ज्याचे नाव तो उत्तर देतो. नवऱ्याचे नाव न घेता ‘अहो, ऐकलंत का?’ म्हणणाऱ्या पिढीला ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. हाक सगळ्या चाळीला जाई, ओ एकच जण देई. या रीतीच्या नावांच्या शेवटी ‘डॉट लोकल’ असते. म्हणून आपल्या राउटरच्या वहीत घराण्याचे आडनाव लिहिताना ‘लोकल’ लिहू नये, दोन्ही रीतींचा गुंता होतो. घरगुती जाळ्यासाठी ‘होम डॉट अर्पा’ हे आडनाव २०१८ पासून राखून ठेवले आहे आणि खासगी वापरासाठी ‘इंटर्नल’ हे २०२४ साली राखले गेले. त्यांतले कोणतेही घ्यावे.

मोठ्या कचेऱ्यांतले राउटर असे पान दाखवीत नाहीत. तेथे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी लागते, आणि राउटरचे स्वतःचे नाव बदलण्याची आज्ञाही ‘होस्टनेम’ या एका शब्दाचीच आहे. कारखान्यातून तो येतो तेव्हा त्याचे नाव ‘राउटर’ असते, म्हणजे मुलाचे नाव ‘मुलगा’. असे दहा ‘राउटर’ सांभाळणारा माणूस रात्री दोन वाजता गोंदियाच्या पेटीला द्यावयाची बंद होण्याची आज्ञा देवरीच्या पेटीला देऊन बसतो, कारण पडद्यावर दोन्हीकडे अक्षरे तीच.

हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेत आंतरजालाच्या बाल्यावस्थेत, सत्तरीच्या दशकात, जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची नावे आणि क्रमांक एका यादीत लिहिलेले असत. ती यादी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथील एका संशोधनसंस्थेत एलिझाबेथ फाइनलर ही बाई आणि तिचे सहकारी सांभाळीत. नवे यंत्र जोडले की त्यांना कळवावयाचे. त्या नाव तपासून यादीत चढवीत. मग बाकीच्यांनी यादीची नवी प्रत उतरवून घ्यावयाची. गावात शंभर घरे असेपर्यंत पाटलाची वही पुरते. घरे वाढली तशी वही पुरेनाशी झाली, आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी पद्धत मांडली. सगळ्यांची एक वही ठेवण्याऐवजी ज्याने त्याने आपल्या मुलखाची वही ठेवावी आणि वरच्याने फक्त खालची वही कोणाकडे आहे एवढे सांगावे. नावे टिंबांनी जोडलेली, लहानाकडून मोठ्याकडे जाणारी. ही रचना वाचताना मला नवे काही वाटले नाही. मु. पो. अमुक, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया, टिंबाच्या जागी स्वल्पविराम टाका की झाले. बुद्रुक आणि खुर्द लावून एकाच नावाच्या दोन वाड्या वेगळ्या ओळखणाऱ्या मुलखाला हे कोणी शिकवावे? नवेगाव बांध आमच्या जिल्ह्यात आहे, नवेगाव खैरी नागपूर जिल्ह्यात. दोन्हीकडे पाणी अडवलेले आहे आणि दोन्ही नावांत ‘नवेगाव’ आहे.

आपल्याकडे याच दुखण्यावर उलट बाजूने औषध काढले गेले, आणि ते काढणारा गृहस्थ मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. एकाच नावाची अनेक गावे, पत्ता लिहिणाऱ्यांच्या दहा भाषा आणि न लागणारी अक्षरे, यांमुळे पत्रे भलतीकडे जात. वेलणकरांनी सहा आकड्यांचा पिनकोड सिद्ध केला आणि तो १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झाला. दोन्ही अर्जुन्यांचे पहिले तीन आकडे ४४१ हेच आहेत. भेद पुढच्या तिनांत पडतो. गंमत अशी की हे वेलणकर स्वतः संस्कृत कवी होते, शब्दांवर जीव टाकणारे. त्यांनी नावाच्या मदतीला आकडा आणला; मोकापेट्रिस यांनी आकड्याच्या मदतीला नाव आणले. पत्र्याच्या पेटीपुढे बसलेल्या यंत्राला आकडा सोपा जातो आणि माणसाला नाव. वेलणकरांनीही पाकिटावरचे गावाचे नाव पुसून टाका असे सांगितले नव्हते.

आता नाव कोणते ठेवावे? त्या महाविद्यालयात यासाठी रीतसर बैठक झाली. (आठ दिवस त्रास सोसलेल्या त्या मुलीला मुद्दाम बोलावले होते. ती येईल असे मला वाटले नव्हते, आली.) पहिली सूचना ‘ऑफिस-१’, ‘ऑफिस-२’ अशी होती. प्रयोगशाळेच्या साहाय्यकांनी ती हाणून पाडली: ऑफिसातले यंत्र उद्या ग्रंथालयात नेले तर? एका वृद्ध सहकाऱ्यांनी संतांची नावे सुचवली. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण लवकरच कोणीतरी म्हणाले, ‘‘ज्ञानेश्वरात कागद अडकला, तुकाराम बंद पडला, हे रोज ऐकून घ्यावं लागेल, सर.’’ संत मागे घेतले गेले. मग नद्या आल्या. आमच्या मुलखातल्या नद्या गोड आहेत, पण ‘चुलबंद चालू आहे’ हे वाक्य कोणाला पटेना, आणि ‘गाढवी’ हे नाव कोणाच्या टेबलावरच्या यंत्राला द्यावयाचे यावर बैठक थबकली.

१९९० साली डॉन लिब्स या अमेरिकन गृहस्थाने यंत्राला नाव कसे द्यावे याविषयी एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले होते. आपले स्वतःचे नाव देऊ नये, यंत्र आज जे एक काम करते त्यावरून नाव ठेवू नये, नाव लांबलचक नसावे, आणि ज्याचे स्पेलिंग दोन तऱ्हांनी होते असले नाव टाळावे. एखादा विषय धरून त्यातली नावे द्यावीत, असेही तो सांगतो. मी ते बैठकीत सांगितले. तेव्हा ती मुलगी प्रथमच बोलली. ‘‘सर, पक्षी घेऊ या.’’

महाराष्ट्रात सारस उरला आहे तो बहुतेक आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या भातखाचरांत आणि तळ्यांवर. नवेगाव बांधचे तळे जवळच. मारुती चितमपल्ली तेथे वनखात्याच्या नोकरीत राहिले होते. पक्ष्यांची नावे कोणाला दुखवीत नाहीत आणि कितीही यंत्रे आली तरी संपत नाहीत. परीक्षा विभागाचा प्रिंटर ‘सारस’ ठरला, वाचनालयाचा ‘टिटवी’. कार्यालयात साळुंकी आणि बगळा, प्रयोगशाळेत होले, मैना, राघू असे थवेच्या थवे उतरले. परीक्षा विभागाच्या संगणकातला वीस नंबर पुसून तेथे ‘सारस’ लिहिला गेला. त्यानंतर वीज पुष्कळदा गेली.

नावे चढवण्याचे काम साहाय्यकांनी त्या मुलीलाच दिले. तिने सारसाची जन्मखूण टाकली, खोली टाकली, नावाच्या चौकटीत देवनागरी कळफलकावरून ‘सारस’ असे लिहिले, आणि राउटरने ते लाल अक्षरांत परत केले.

‘‘मराठीत का चालत नाही, सर?’’

हा प्रश्न मला मराठीचा प्राध्यापक म्हणून विचारला गेला होता, तेव्हा उत्तर देणे भाग होते. यंत्रांच्या नावांत इंग्रजी अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढेच चालावे हा नियम १९८० च्या दशकात ठरला. एका टिंबापासून दुसऱ्या टिंबापर्यंत अक्षरे जास्तीत जास्त ६३. तो ठरवणाऱ्यांपुढे देवनागरी नव्हतीच. पुढे बाहेरच्या जाळ्यात वाट निघाली. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे नाव देवनागरीत नोंदवता येते. पण आतून ते देवनागरी राहत नाही. २००३ साली ठरलेल्या एका संकेताने त्याचे इंग्रजी अक्षरांत रूपांतर होते, आणि ‘भारत’ आतल्या वहीत एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे एच-२-बी-आर-जे-९-सी असा उतरतो. दिवाणखान्यात धोतर आणि कचेरीत पाटलोण. घरगुती राउटरांच्या चौकटीला तर एवढेही येत नाही. मला हे खटकते, आणि खटकते ते अभिमानाच्या भाषणापुरते नाही. देवनागरीत सारस लिहिला की तो सारसच असतो. एस-ए-आर-ए-एस लिहिला की तो सारस आहे, सरस आहे की सरसकट, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर जाते. ज्या कामासाठी नाव ठेवावयाचे, त्यातच ही ढिलाई. तरीही इंग्रजी लिपीत का होईना, नाव मराठी ठेवावे असे माझे मत आहे. ‘प्रिंटर-टू’ म्हणून कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही.

सारस कसाबसा बसला. टिटवीपाशी मात्र वाद झाला. तिच्या ‘वी’ला व्ही लावावयाचा की डब्ल्यू? कार्यालय व्हीच्या बाजूचे, प्रयोगशाळा डब्ल्यूच्या. ‘देवरी’ आणि ‘विदर्भ’ यांची उदाहरणे दोन्हीकडून फेकली गेली. लिब्ससाहेबांचा शेवटचा इशारा आम्ही ऐकूनही सोडून दिला होता, तो असा आडवा आला. चितमपल्लींच्या पक्षिकोशात एकेका पक्ष्याला गावोगावची कितीतरी नावे आहेत, एवढेच सांगून मी गप्प बसलो. मुलीने थोडा वेळ वादाकडे पाहिले. मग तिने राउटरच्या वहीत त्याच खोलीपुढे दोन्ही स्पेलिंगे लिहिली. एका पत्त्याला दोन नावे चालतात. सगळ्या राउटरांत ती सोय नसते, त्या राउटरात होती.

वाचनालयातली टिटवी आता दोन्ही हाकांना ओ देते. कागद संपला की मात्र ती हाकेची वाट पाहत नाही, आपणहून ओरडते.